पारा आणि डीएनएचे क्षारक

१९५६ साली जपानमधील मिनामाता या किनारपट्टीच्या गावी एक अनोळखी व्याधी उघडकीस आली. हातापायांना कंप सुटणे, दृष्टी व वाचा क्षीण होणे ही तिची लक्षणे होती. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पारा मासळीवाटे लोकांच्या शरीरात गेला होता. जपान सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली. पाण्यातील अल्पसा पारा दिसत नाही, त्याला वास वा चवही नसते. म्हणूनच तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते. या कामी आनुवंशिकतेचा वाहक असलेला डीएनए हा रेणू साहाय्यभूत ठरू शकतो.

पिळाची शिडी

वॉटसन व क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना उलगडली. ती पीळ दिलेल्या शिडीसारखी असते. शिडीच्या दोन बाजू शर्करा व फॉस्फेट यांच्या, तर पायऱ्या क्षारकांच्या जोड्यांच्या असतात. ॲडेनीनची जोडी थायमीनशी व ग्वानीनची सायटोसीनशी जमते. हायड्रोजन बंधांमुळे या जोड्या टिकून राहतात.

धातूंच्या अणूंनी इलेक्ट्रॉन गमावले म्हणजे त्यांचे धनभारित आयन बनतात. मॅग्नेशियमचे आयन मुख्यतः ऋणभारित फॉस्फेटजवळ राहून शिडीला स्थैर्य देतात. काही जड धातू मात्र थेट क्षारकांतील नायट्रोजनला जाऊन मिळतात.

पाऱ्याचा सेतू

पाऱ्याच्या द्विभारित आयनाला थायमीनचे विशेष आकर्षण आहे. थायमीनच्या एका नायट्रोजनवरील हायड्रोजन बाजूला सारून पारा त्याची जागा घेतो. या आयनाला जणू दोन हात असतात; दुसऱ्या हाताने तो समोरच्या थायमीनला धरतो. एरवी जोडी न जमणारे दोन थायमीन अशा रीतीने पाऱ्याच्या सेतूने सांधले जातात. अशा सेतूची कल्पना कॅट्झ यांनी १९६३ साली मांडली होती. जपानी शास्त्रज्ञ अकिरा ओनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तिला प्रत्यक्ष पुरावा दिला. चांदीचा आयन याच रीतीने दोन सायटोसीन जोडतो. प्लॅटिनमयुक्त सिसप्लॅटिन हे औषध शेजारच्या दोन ग्वानीनना जखडून कर्कपेशींची वाढ रोखते. १९७८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

पाण्याची परीक्षा

ओनो यांनी २००४ साली या गुणाचा उपयोग पारा ओळखण्यासाठी केला. थायमीनयुक्त डीएनएच्या एका टोकाला प्रकाश देणारा रंगरेणू व दुसऱ्या टोकाला तो प्रकाश शमविणारा रेणू जोडला जातो. पाण्यात पारा असल्यास थायमीन एकमेकांना सांधले जातात, धागा दुमडतो, दोन्ही टोके जवळ येतात आणि प्रकाश मंदावतो.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. मिथिल पाऱ्याचा एक हात कार्बनने आधीच व्यापलेला असतो; त्यामुळे तो दोन थायमीनमध्ये सेतू बांधू शकत नाही. म्हणजे मिनामातातील विष या कसोटीत थेट सापडणार नाही. तसेच शरीरात पाऱ्याचा घात मुख्यतः प्रथिनांतील गंधकाशी जखडून होतो, डीएनएशी नव्हे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. इतके अल्प प्रमाण अंदाजाने कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा लागतो. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. फुटलेले तापमापक व निकामी प्रकाशनळ्या विहिरी, ओढे व उकिरडे यांपासून दूर ठेवणे, हे शाळा, आरोग्य केंद्रे व ग्रामपंचायती यांना आजही सहज करता येण्याजोगे काम आहे. एकदा पाण्यात उतरलेला पारा हुडकून काढण्यापेक्षा तो पाण्यात जाऊच न देणे केव्हाही सोपे.