श्रोणितलाचा व्यायाम आणि दूरस्थ मार्गदर्शन

खोकला, शिंक किंवा हसणे यांबरोबर नकळत लघवी होणे हे बाळंतपणाचे वा वाढत्या वयाचे अटळ फळ होय, अशी समजूत सर्वत्र आढळते. तंजावूरच्या परिसरात भाताची लावणी मुख्यतः स्त्रिया करतात. तासन्‌तास वाकून राबणाऱ्या स्त्रीला हा विकार जडला, तर संकोचामुळे ती घरातही त्याची वाच्यता करीत नाही. वस्तुतः हा बरा होऊ शकणारा विकार आहे.

मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंच्या पडद्यास श्रोणितल म्हणतात. प्रसूतीत हा पडदा ताणला जातो. तो दुबळा झाला की पोटातील दाब वाढताच मूत्रमार्ग पुरेसा मिटत नाही. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली. वायू रोखून धरावा त्याप्रमाणे स्नायू आत व वर ओढावयाचे, काही सेकंद धरावयाचे आणि मग पूर्ण सैल सोडावयाचे. श्वास कोंडू नये, पोट वा नितंब आवळू नयेत. एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावी लागतात.

कृती सोपी वाटते, पण चुकण्याचा संभव मोठा आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना दिल्या होत्या. सुमारे निम्म्या स्त्रियांनाच योग्य आकुंचन साधले. चतुर्थांश स्त्रियांची कृती तर त्रास वाढविणारी ठरण्यासारखी होती. म्हणून पहिले आकुंचन जाणकाराकडून तपासून घेणे इष्ट असते.

तंजावुरात राजा मिरासदार रुग्णालयासारखी सोय असली, तरी मजुरी बुडवून खेड्यातून वारंवार शहर गाठणे कठीण असते. येथेच दूरस्थ मार्गदर्शन उपयोगी पडते. २५ मार्च २०२० रोजी भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि दूरध्वनी वा दृश्यसंवादाद्वारे वैद्यकीय सल्ल्यास निश्चित चौकट लाभली. प्रारंभीच्या तपासणीनंतर व्यायाम घरी चालू राहतो, तर शंकानिरसन व व्यायामातील वाढ मोबाईलवरून होते.

या पद्धतीत नोंदीस विशेष महत्त्व आहे. किती पाणी प्याले, किती वेळा लघवी झाली, केव्हा गळली, हे तीन दिवस लिहून ठेवल्यास डॉक्टरांना विकाराचा प्रकार ओळखण्यास साहाय्य होते. रुग्णाची नोंद ठेवण्याची प्रथा तंजावूरला नवी नाही. दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

मात्र लघवीतून रक्त जाणे, जळजळ, लघवी अडणे किंवा अंग बाहेर येणे ही लक्षणे असल्यास प्रत्यक्ष तपासणीच करवून घ्यावी. इतरांच्या बाबतीत उपचारास साधने थोडी लागतात. अधिक लागते ते सातत्य, आणि त्याही आधी, संकोच सोडून विचारण्याचे धैर्य.