रजोनिवृत्ती आणि चिनी वैद्यक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात डोके घालावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेले वर्षभर आई क्षुल्लक कारणावरून रडते, चिडते, आणि आम्ही घरची मंडळी 'हिचा स्वभावच बदलला' म्हणून मोकळे होतो. म्हणून वाचू लागलो.

'हुआंगदी नेइजिंग' हा प्राचीन चिनी ग्रंथ स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजतो. सातवा टप्पा 49 व्या वर्षी पुरा होतो आणि पाळी थांबते. चिनी वैद्यांच्या मते या वयात मूत्रपिंडाचे 'यिन' हे शीतल, पोषक तत्त्व ओसरते. मग हृदयाचा अग्नी आवरत नाही, झोप उडते, जीव घाबरा होतो. यकृतात 'ची' ही प्राणशक्ती तुंबली की राग उसळतो. (ही मूत्रपिंडे आणि यकृते आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातली नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.)

मी थबकलो तो झांग झोंगजिंग यांच्यापाशी. हे वैद्य इसवी सन 200 च्या सुमारास होऊन गेले. भुताने झपाटल्यासारखी वारंवार रडणारी, जांभया देणारी स्त्री त्यांनी वर्णिली आहे. उपाय मात्र मांत्रिकाचा नाही, तर गहू, ज्येष्ठमध आणि चिनी बोरे यांचा काढा! रजोनिवृत्तीतील उदासीवर चिनी वैद्य तो आजही देतात. आधुनिक चाचण्यांतील पुरावा अजून भक्कम नाही, आणि ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो.

आईला रक्तदाबाचा त्रास आहेच. तेव्हा काढ्याचा विचार सोडला. सोमवारी तिला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.