जुन्या बाजारात सायकल घ्यायला जाताना

पोरांनो, रविवारी चौघं मिळून मंगळवार पेठेत जुन्या बाजारात निघालाच आहात, तर शनिवारी रात्री एकदा एकत्र बसा. कुणाच्या सायकलीला काय हवंय आणि कुणाकडे काय जादा पडलंय, ते वहीत लिहून काढा. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी जास्त, म्हणून सकाळी पथाऱ्या मांडल्या जात असतानाच पोचा. एकदा ऊन चढलं की चांगल्या वस्तूला चार हात लागलेले असतात.

आणि हे आधीच ठरवा की एका वस्तूवर दोघांनी भाव करायचा नाही. मित्र-मित्रच एकमेकांवर चढाओढ करायला लागले की विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नसतो. वस्तू कुणाची, ते वही सांगेल. ज्याची, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये ‘अरे, ही तर रॅले!’ असं ओरडायचं नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही, की सुटा भाग ज्या सायकलीचा, त्या सायकलीला मिळाला पाहिजे. अदलाबदल करायची ती यासाठीच. समजा, एकाकडे हंबर आहे. पुढचा चिमटा अस्सल, दोन्ही बाजूंना दोन-दोन नळ्यांचा. पण चेनव्हील कुणीतरी साधं बसवलंय. दुसऱ्याला ढिगात चेनव्हील मिळालं, ज्याच्या चकतीत पाच माणसं कोरलेली आहेत. ते हंबरचंच. त्याला स्वतःला हवी आहे ब्रुक्सची सीट, आणि ती पडून आहे तिसऱ्याकडे, ज्याला हवी ती वस्तू पहिल्याकडे आहे. मग तिघांनी गोल फिरवून वस्तू दिल्या-घेतल्या की तीन सायकली एका सकाळीत पुऱ्या होतात. अशा वेळी दहा-वीस रुपयांचा हिशेब करत बसू नका. वस्तू पुन्हा मिळायला किती अवघड, त्यावर तिची किंमत धरा. आणि उसनी दिली की बदलून दिली, हे त्याच दिवशी वहीत लिहा. दोस्तीत तोंडी व्यवहार सहा महिन्यांनी दोघांना दोन तऱ्हेनं आठवतो. आणखी एक अट घाला: घेणाऱ्याला पुढे ती विकायची झाली, तर आधी देणाऱ्याला विचारायचं.

चेनव्हील ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. रॅलेच्या चकतीत बगळे असतात, रजच्या चकतीत हाताचा पंजा, बीएसएवर ती तीन अक्षरं. एकट्या पुढच्या बिल्ल्यावर मात्र विसंबू नका. दोन रिबिटं उडवली की बिल्ला बदलता येतो. बिल्ला, चेनव्हील, चिमटा आणि लग, म्हणजे नळ्यांचे जोड, एकच गोष्ट सांगतात का, ते पाहा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळेचा म्हणून दाखवलेला बिल्ला चुंबकाला चिकटला, तर तो पत्र्याचा, वर पिवळा मुलामा.

आता फ्रेम. हिच्यात मी कधीच घाई करत नाही. हँडलच्या मागे जिथे खालची नळी जुळते, तिथे नळीच्या पोटाला बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक उंचवटा लागला, तर सायकल समोरून आपटलेली आहे. मग खिशातला दोरा काढा. मागच्या चाकाच्या आसाजवळून एक टोक धरायचं, दोरा पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं मागे आसापर्यंत ताणायचा. सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. सारखं भरलं तर फ्रेम सरळ. एका बाजूला बोटभर जास्त भरलं तर वस्तू खाली ठेवा, मग रंग कितीही देखणा असो. सीटची दांडी फिरते का, तेही बघा. आत गंजून धरलेली दांडी काढताना फ्रेमच फाटते. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी बॉटमच्या, म्हणजे क्रँकचा आस बसतो त्या आडव्या नळीच्या, पोटात साठतं, म्हणून सायकल उलटी करून तिथे नाण्यानं हलकं वाजवा. खणखणीत आवाज यावा.

बॉटमचे कप फ्रेमपासून कधीही वेगळे करू नका. हे नवी पोरं हमखास विसरतात. इंग्लंडच्या बहुतेक सायकलींच्या बॉटमला इंचाला २४ आटे; रॅलेनं आपल्या कारखान्यात २६ ठेवले. दिसायला कप तसाच, पण दुसरा बसवायला गेलात तर दीड फेऱ्यात अडकतो, आणि जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातात. रॅलेनं १९३२ मध्ये हंबरचा सायकलींचा धंदा घेतला आणि १९४३ मध्ये रजचा, त्यामुळे त्यानंतरच्या हंबर आणि रजमध्ये बरंचसं रॅलेचंच सापडतं. म्हणून नुसती फ्रेम कुणी स्वस्तात देत असेल तर पहिला प्रश्न हाच: कप आहेत का?

तीन गिअरचा हब दिसला तर तो फडक्यानं पुसा. स्टर्मी-आर्चर ही मूळची नॉटिंगहॅमची कंपनी, १९०२ पासूनची. तिचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला. हबच्या अंगावर वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात, बहुधा महिनाही. चाक मूळचंच असेल तर सायकलीचं वय कळायला याहून चांगला पुरावा नाही. आसाच्या उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर आलेली असते, ती तुटलेली नाही ना, ते पाहा. मधला गिअर सरळ चालतो, वरचा तिसऱ्या हिश्शानं जड, खालचा चौथ्या हिश्शानं हलका. चाक उचलून तिन्ही लावून बघा. त्याच घराण्यातला, दिव्याला वीज देणारा डायनोहब हाती लागला तर मात्र तो उघडू नका. आतलं चुंबक बाजूला काढलं की त्याचा जोर उतरतो आणि दिवा मिणमिणतो.

दांड्यांचे ब्रेक घेताना सगळा संच घ्या. दांड्या मिळतात, त्यांना फ्रेमला धरून ठेवणारे छोटे क्लिप आणि घोड्याच्या नालेसारखा तो खालचा भाग हरवलेला असतो. हे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला घासतात, म्हणून रिमही त्याच घडणीची लागते. टायरची चिंता नको. २८ बाय दीड आपल्याकडे दूधवाल्यांच्या सायकलींमुळे आजही मिळतो. 

सीट चामड्याची असेल तर वरून कमी आणि खालून जास्त बघा. वरच्या बारीक रेषा चालतात. पण रिबिटांभोवती चामडं फाटायला लागलं असेल तर त्या सीटचं आयुष्य संपलं. घरी आणल्यावर खोबरेल चोपडू नका. चामडं सैल पडतं आणि झोळी होते. पुढच्या बाजूचा ताणायचा नटही उगाच पिळू नका.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ रंग निम्मा उरला असला तरी तो ठेवा. हातानं मारलेल्या त्या सोनेरी रेघा पुन्हा येत नाहीत. बाजारात चकचकीत काळा रंग आणि नवे स्टिकर लावलेल्या सायकली दिसतील. खालचं गंजलेलं झाकायला तेवढं पुरतं. मूळ रंग साफ करताना फडकं रॉकेलमध्ये भिजवून आधी बॉटमखाली, जिथे दिसत नाही तिथे, पुसून बघा. क्रोमवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदानं निघतो, कानस लावायची गरज नाही. आणि हँडलला नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना बिल्ला असेल तर तो काढून वेगळा विकू नका. ती सायकल कुठल्या गावात, कोणत्या साली रस्त्यावर होती, ते त्यावरच लिहिलेलं असतं.

विलायती नावापुढे देशी सायकलीला हलकी समजू नका. मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, सोनिपतची १९५१ पासूनची ॲटलास, या सायकलींवर आपल्या बापजाद्यांनी नोकऱ्या केल्या, पोरं शाळेत पोचवली. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. जुनी, न रंगवलेली हिंद दिसली तर मी तिला आधी हात घालीन. अशा सायकली कुणी जपत नाही, म्हणून त्या झपाट्यानं भंगारात जातायत. अख्खी सायकल सुट्या भागांसाठी तोडणाऱ्याबरोबर तर व्यवहारच करू नका. भागांचे पैसे जास्त येतात, हे खरं. पण एकेक करून अशा किती सायकली गेल्या, ते मी पाहिलंय.

आधी डोळा तयार करायचा असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. विचारून जा, आणि दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकल निवांत बघा. अस्सल वस्तू तासभर बघितली की नकली लगेच कळते.

फ्रेमचा नंबर शोधा, सीटच्या लगवर किंवा बॉटमखाली. तो कानसलेला असेल तर पुढे चला. चोरीची सायकल स्वस्तही नको. घेतलीत तर विकणाऱ्याकडून नंबर, नाव आणि रक्कम कागदावर लिहून घ्या. घासाघीस करा, पण त्याचा दिवस त्याच पथारीवर चालतो, हे ध्यानात ठेवा. आणि कधी एखाद्या वाड्यात आजी यजमानांची सायकल विकायला काढतात, तेव्हा भाव करण्याआधी त्यांना सांगा की आजी, ही सायकल अमुक आहे आणि हिला बाजारात साधारण इतके येतात. मग त्या देतील तर घ्या.

घेतल्यावर लगेच टांग टाकून घरी येऊ नका. वर्षानुवर्षं उभ्या सायकलीतलं ग्रीस दगडासारखं झालेलं असतं. तशीच फिरवलीत तर छर्रे कोनला खातात. टेम्पोत आडवी टाका, चेनची बाजू वर ठेवून. क्रँक धरून ठेवणाऱ्या कॉटर पिनीवर आल्याआल्या हातोडा चालवू नका. तिच्यावर रात्रभर रॉकेल सोडा, सकाळी क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्या, नट पिनीच्या टोकाशी ठेवून एकच सरळ घाव घाला. काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून वर चिठ्ठी लावा, आणि मला हाक मारा. कोन बसवायला मी येतो.