लेकीचा चष्मा कधी काढावा?

प्रश्न : आम्ही सुरतेत पर्वत पाटियाला राहतो, मूळचे नंदुरबारकडचे. मुलीला नुकतीच 19 वर्षं पूर्ण झाली. तिला दोन्ही डोळ्यांना साडेचारचा मायनस नंबर आहे, मागच्या दिवाळीत पावणेचार होता. ओळखीतल्या एका मुलीने अठरा पूर्ण होताच लेसर केलं आणि तिचा चष्मा गेला. तेव्हापासून आमची लेकही मागे लागली आहे. वर्ष-दोन वर्षांत तिच्या लग्नाचं बघायचं, म्हणून घरातले म्हणतात, आत्ताच उरकून टाका. एका डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, दुसरे म्हणाले हरकत नाही. तिचे वडील 44 वर्षांचे, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कामाला. त्यांचा नंबर अडीच. ते म्हणतात, माझंही सोबतच करू. मुलगा रेल्वेच्या भरतीची तयारी करतोय, त्याला दीड नंबर आहे. लेसरचं खरं वय कोणतं? — एक आई, पर्वत पाटिया, सुरत

उत्तर : ताई, थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांचं ऐका. तुमच्या पत्रातच त्याचं कारण आहे. मागच्या दिवाळीला पावणेचार आणि आता साडेचार, म्हणजे वर्षभरात पाऊण नंबर वाढला. लेसरआधी निदान एक वर्ष नंबर अर्ध्यापेक्षा जास्त हललेला नसावा, अशी जगभर मान्य असलेली अट आहे. तुमच्या लेकीचा डोळा ती अट अजून पूर्ण करत नाही. ती 19 ची आहे की 22 ची, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग 18 हा आकडा आला कुठून? ती खालची मर्यादा आहे. त्याआधी करायचंच नाही, एवढाच तिचा अर्थ. जाहिरातींमधून मात्र ती लेसरला योग्य वय असल्यासारखी लोकांपर्यंत पोचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेगवेगळ्या लेसर यंत्रांना परवानगी देताना कुठे 18, कुठे 21 वर्षांची अट घातली. 2016 मध्ये स्माइल या नव्या पद्धतीला पहिल्यांदा परवानगी मिळाली, ती 22 आणि त्यापुढच्या वयासाठी.

मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोल मागच्या बाजूने लांबत गेल्यामुळे येतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला, की अडीच ते तीन नंबर चढतात. ही लांबण्याची क्रिया शाळेच्या वयात जोरात असते, पुढे मंदावते आणि बहुतेकांची विशीच्या सुरुवातीला थांबते. अमेरिकेत मुलांच्या मायनस नंबरचा बरीच वर्षं पाठपुरावा करणारा कॉमेट नावाचा अभ्यास झाला. त्यात 18 व्या वर्षापर्यंत सुमारे 77 टक्के मुलांचा नंबर स्थिरावला होता, 21 पर्यंत 90 टक्के आणि 24 पर्यंत 96 टक्के. ओळखीतली ती मुलगी बहुधा त्या 77 टक्क्यांतली असावी. तुमची लेक आज उरलेल्यांत आहे, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

लेसर डोळ्याच्या लांबीला हातच लावत नाही. तो काम करतो डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक भागावर, म्हणजे कॉर्नियावर. तिथला ऊतींचा पातळ थर काढून त्याचा आकार असा बदलला जातो, की लांबलेल्या डोळ्यातही प्रकाश बरोबर मागच्या पडद्यावर पडावा. डोळा नंतरही लांबत राहिला तर हे गणित पुन्हा चुकतं आणि चष्मा परत येतो. लोक म्हणतात, लेसर फेल गेलं. लेसरने आपलं काम चोख केलेलं असतं, ते फक्त लवकर झालेलं असतं.

परत आला तर पुन्हा करता येतं ना, असं तुम्ही विचाराल. इथे थोडा हिशोब मांडायला हवा, कारण हा हिशोब घरच्यांना सहसा कुणी करून दाखवत नाही. कॉर्नियाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा, तुमच्या लेकीचा कॉर्निया 500 मायक्रॉनचा आहे. लेसिक या लेसरच्या पद्धतीत आधी वरचा पातळ पापुद्रा उचलतात, तो साधारण 110 चा. खाली राहिले 390. एक नंबर घालवायला साधारण 14 मायक्रॉन ऊती काढाव्या लागतात, म्हणजे साडेचार नंबरला 63. उरले 327. पापुद्र्याखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, असा जुना दंडक आहे. सावध डॉक्टर 300 च्या खाली जात नाहीत. 300 धरले तर हातात 27 मायक्रॉन उरतात, आणि दोन नंबरला 28 लागतात. पुढच्या चार वर्षांत तिचे आणखी दोन नंबर वाढले, तर दुसऱ्यांदा लेसर करायला जागाच नाही. कॉर्नियातून काढलेल्या ऊती परत भरून येत नाहीत.

हे इतक्या बारकाईने कापता कसं येतं, याची गोष्ट मला फार आवडते. 1981 च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन हे आपल्या मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ सणाच्या जेवणातली उरलेली टर्की घेऊन आले. एक्झायमर लेसरचे अतिनील किरण त्यांनी तिच्या हाडा-कूर्चांवर सोडले. छेद स्वच्छ आला, कडेला जळाल्याचं चिन्ह नाही. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे सहकारी त्यांच्यासोबत होते. 1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने याच किरणांचा कॉर्नियासाठी उपयोग दाखवला, आणि आज आपण ज्याला लेसरने नंबर काढणं म्हणतो, ते तिथून उभं राहिलं. शोध थोर आहे, आणि योग्य डोळ्यावर योग्य वेळी झाला तर त्याचा निकालही उत्तम येतो.

विशीतल्या मुलांच्या बाबतीत दुसरी भीती केरॅटोकोनसची. यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो, आणि सुरुवातीला फक्त नंबर बदलत राहतो, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर. असा डोळा न ओळखता त्यावर लेसर केलं, तर कमकुवत कॉर्निया आणखी ढासळतो. आपल्या भागात हा आजार दुर्मीळ नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी परदेशी तज्ज्ञांसोबत त्या भागातल्या खेड्यांत तिशीच्या पुढच्या लोकांचे डोळे तपासले. 2009 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, त्यांनी लावलेल्या निकषानुसार, 2.3 टक्के लोकांत तो आढळला. डोळे चोळण्याच्या सवयीने तो वाढतो. सुरतेच्या कापडबाजारात, लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या खात्यात तंतू आणि धूळ सतत उडत असते, डोळ्यांना खाज येते आणि हात आपोआप डोळ्याकडे जातो. तुमच्या घरात कुणाला ही सवय असेल, तर लेसर होवो न होवो, ती आजपासून मोडा. आणि कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, म्हणजे टोपोग्राफी, केल्याशिवाय कुणी लेसरची तारीख देत असेल तर तिथून उठून या.

आता लग्नाचं. ताई, इथे मी थोडं स्पष्ट बोलते. चष्मा दिसू नये म्हणून लग्नाआधी घाईने शस्त्रक्रिया करणं मला पटत नाही. चष्म्याचा जो कल पुढच्या पिढीत जातो, तो लेसरने बदलत नाही, त्यामुळे नंबर लपवून काही साधतही नाही. स्थळाला नंबर खरा सांगा. नंबर थांबला आणि लग्नाआधी करायचंच ठरलं, तरी हळदीच्या तोंडावर नको. सुरुवातीचे काही आठवडे थेंब घालायचे असतात, काजळ आणि डोळ्यांचा मेकअप बंद ठेवावा लागतो, आणि डोळे कोरडे पडण्याचा, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसण्याचा त्रास काहींना काही महिने राहतो. लग्नानंतर दिवस राहिले तर तेव्हाही लेसर करत नाहीत, कारण गरोदरपणात आणि अंगावर पाजताना संप्रेरकांमुळे नंबर तात्पुरता बदलू शकतो. पाजणं थांबून काही महिने गेले आणि नंबर पुन्हा एका जागी आला, की मग करता येतं. 27-28 व्या वर्षी केलं म्हणून काही बिघडत नाही. उलट, विशीचा उत्तरार्ध आणि तिशी हाच लेसरचा सगळ्यात निवांत काळ.

तिच्या वडिलांना सांगा, तुमची गरज वेगळी आहे. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाचा लवचीकपणा कमी होतो आणि जवळचं दिसणं अवघड होतं. लेसर ते थांबवू शकत नाही. अडीच मायनस असलेला माणूस चष्मा काढला की 40 सेंटीमीटरवरचं अगदी स्वच्छ पाहतो. एम्ब्रॉयडरीचा टाका तपासायला, तुटलेला धागा ओवायला त्यांना हेच अंतर लागत असणार. लेसरने तो अडीच नंबर काढला, तर लांबचा चष्मा जाईल आणि कामासाठी जवळचा येईल. दिवसभर जवळचं काम करणाऱ्या माणसासाठी हा तोट्याचा सौदा आहे. एका डोळ्यात थोडा नंबर मुद्दाम ठेवण्याचा मार्ग असतो, पण तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस जमतो का पाहावं.

मुलाने आधी ठरवावं, नेमकी कोणती नोकरी हवी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटला चष्म्याशिवाय पूर्ण नजर लागते, आणि लेसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार त्या पदाला अपात्र ठरतो, हे भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. म्हणजे लेसरने ते दार उघडत नाही. रेल्वेची बरीच पदं चष्म्यासह मिळतात, त्यांच्या वैद्यकीय अटी वाचाव्या. हवाई दलाच्या अधिकारी भरतीत लेसिक चालतं, पण ते वयाच्या 20 वर्षांनंतर झालेलं हवं, त्याला किमान 12 महिने उलटलेले हवेत आणि उरलेला कॉर्निया 450 मायक्रॉनपेक्षा कमी नको. हे माहीत नसल्याने अठराव्या वर्षी लेसर केलेल्या मुलाचा तो रस्ता कायमचा बंद होतो.

खर्चाचंही आत्ताच पाहून ठेवा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर चष्मा घालवण्याचा खर्च मिळत नाही. साडेचार नंबरला सगळे पैसे खिशातूनच जातील. म्हणून सवलतीची शेवटची तारीख सांगणाऱ्या फोनला भुलू नका.

आता लेकीसाठी करायचं ते असं. चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. दर सहा महिन्यांनी नंबर तपासा, एकदा तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून. नुसत्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तरुण डोळ्याचा मायनस खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उमरवाड्याचं स्मीमेर किंवा मजुरा गेटचं नवीन सिव्हिल, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि तुमच्यापासून फार लांब नाहीत. जिथे लेसरचं पॅकेज विकायचं नाही, अशा ठिकाणचं मत एकदा घ्याच. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल, तर कॉर्नियाच्या तपासणीआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते, नाहीतर मोजमाप चुकतं.

सलग वर्षभर नंबर हलला नाही, कॉर्निया जाड आणि नीट आकाराचा निघाला, डोळे कोरडे नसले, तर 21-22 च्या पुढे खुशाल करा. कॉर्निया पातळ पण निरोगी असेल तर पापुद्रा न उचलता करायची पीआरके पद्धत आहे. तीत पहिले काही दिवस दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो. नंबर फार मोठा असेल तर डोळ्याच्या आत भिंग बसवतात. आणि चष्मा गेला तरी लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो, म्हणून मागच्या पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवा. शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट लेकीकडे जपून राहू द्या. साठीत तिला मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला डॉक्टर तेच कागद मागतील.