टॅबवर स्टुडिओ मांडण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन शांत बसत नाही. मिरजेत आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, सुगम संगीताचे क्लासवाले, सराफांच्या जाहिराती, एखाद्या कारागिराला नव्या तंबोऱ्याचा नमुना आवाज पाठवायचा असेल तर तोही, असं सगळं इथे चालतं. त्यामुळे पालकांना वाटतं, याला विचारावं. "सर, मुलगा गाणी बनवतो म्हणतोय. लॅपटॉप घेऊ की टॅब? ते मोठं सॉफ्टवेअर टॅबवर येणार आहे म्हणे." हे 'येणार आहे म्हणे' मी २०११ पासून ऐकतोय. त्याच्या भरवशावर पैसे घालू नका, एवढं सांगायला हे लिहितोय.

२०११च्या मार्चमध्ये आयपॅडसाठी गॅरेजबँड आलं, पाच डॉलरच्या आत. त्याच्या आदल्याच डिसेंबरात गोरिलाझचा 'द फॉल' हा अल्बम निघाला होता. अमेरिकेच्या दौऱ्यात डेमन अल्बार्नने तो बराचसा आयपॅडवर केलेला. झालं! आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांनी संगणकाचं श्राद्ध घालून टाकलं. पुढे एफएल स्टुडिओ मोबाइल आलं, २०१२त ४८ ट्रॅकचं ऑरिया आलं, वर्षअखेरीस स्टाइनबर्गचं क्युबेसिस आलं. पण मॅकवरचं लॉजिक प्रो आयपॅडवर कधी उतरलं? २३ मे २०२३ रोजी. म्हणजे 'आत्ता येईलच' म्हणून २०११त टॅब घेणाऱ्याने बारा वर्षं वाट पाहिली असती, आणि तीही ज्या टॅबवर ते चालणार नाही असा टॅब हातात धरून. पहिला आयपॅड आयओएस ५वरच थांबला; लॉजिकला किमान ए१२ चिप लागते.

आजची स्थिती तशी वाईट नाही. लॉजिकची टॅबवरची आवृत्ती हे खरंखुरं लॉजिक आहे, खेळणं नव्हे. मॅकवरचा प्रोजेक्ट तिथे उघडतो, तिथला मॅकवर उघडतो. बाकीच्यांनी मात्र हात राखून दिलंय. एबलटनने २०२२त 'नोट' काढलं; त्यात सुचलेली चाल, ताल पटकन टिपायचा आणि पुढचं काम संगणकावरच्या लाइव्हमध्ये करायचं. खुद्द लाइव्ह टॅबवर नाही. प्रो टूल्सवाल्यांनी 'स्केच' दिलं, प्रो टूल्स दिलं नाही. क्युबेसिसमधला प्रोजेक्ट संगणकावरच्या क्युबेसमध्ये नेता येतो, उलट आणता येत नाही. कच्ची वही टॅबवर आणि पक्की वही संगणकावर, असा बहुतेक कंपन्यांचा हिशेब दिसतो. तो चुकीचाही नाही. फक्त दुकानातला मुलगा हे सांगत नाही.

लॉजिक आलं म्हटल्यावर आम्हीही एम१चा आयपॅड प्रो कामाला लावला. स्टुडिओतला एक अभंगाचा प्रोजेक्ट त्यावर उघडला. सगळे ट्रॅक जागच्या जागी, रंगसुद्धा तेच. प्ले दाबलं तर आवाज आला गायकाचा, टाळांचा आणि हार्मोनियमचा. तबला गप्प, तंबोरा गप्प, बासरीही गप्प. कारण ही वाद्यं प्लगइनमधली, म्हणजे लॉजिकला वरून जोडलेल्या वेगळ्या सॉफ्टवेअरमधली होती आणि ते प्लगइन मॅकचे. इथे भल्याभल्यांची फसगत होते. आपल्याकडे भारतीय वाद्यांचे आवाज बहुतेक जण स्वरप्लगसारख्या प्लगइनमधून नाहीतर कॉन्टॅक्टच्या लायब्रऱ्यांमधून काढतात. कॉन्टॅक्ट आयपॅडवर नाही. आयलॉकच्या चावीवर चालणारी मंडळीही दाराबाहेरच. टॅबवर प्लगइन यायचा तर तो एयूव्ही३ या प्रकारातच यावा लागतो, आणि ॲप स्टोअरच्या दारातूनच. फॅबफिल्टर, मूग, कॉर्ग अशा काहींनी ते केलंय. संगणकापेक्षा ते टॅबवर कितीतरी स्वस्तही मिळतं. पण विकत पुन्हा घ्यावं लागतं.

तेव्हा 'लॉजिक आलं का?' या चौकशीत अडकू नका. तुमचा तबला, तुमचा रिव्हर्ब, तुमच्या लायब्रऱ्या तिथे आहेत का ते बघा. कागदावर गेल्या पाच गाण्यांत वापरलेल्या प्लगइनची नावं लिहा आणि एकेक नाव ॲप स्टोअरमध्ये शोधा. अर्ध्या तासात सगळा उलगडा होतो. आमच्याकडे आता नियमच आहे: टॅबवर न्यायचा प्रोजेक्ट असेल तर प्लगइनचा प्रत्येक ट्रॅक आधी ऑडिओत, म्हणजे वेव्ह फाइलमध्ये उतरवायचा, मगच न्यायचा. मग तबला बदलता येत नाही, पण वाजतो तरी.

वेव्ह फाइलबद्दल मी एवढा हट्टी का, त्यामागे २०१७ची एक गोष्ट आहे. त्या सप्टेंबरात आयओएस ११ आलं आणि ३२-बिट ॲप त्यावर उघडेनाशी झाली. हे आधीपासून जाहीर होतं. चांगल्या कंपन्यांनी आपापली ॲप ६४-बिट करून ठेवली. एका छोट्या कंपनीचं मल्टिट्रॅक ॲप आम्ही बाहेरगावच्या रेकॉर्डिंगला वापरायचो. त्यांनी काही ते केलं नाही. ईमेलला उत्तर नाही, वेबसाइट बंद. भाच्याने रात्री चार्जिंगला लावताना टॅबवर आलेलं अपडेट दाबलं आणि सकाळी ते ॲप उघडायचं बंद झालं. आत एका बुवांच्या गवळणी होत्या. स्टिरिओ मिक्स आम्ही त्यांना दिलेलं होतं, ते वाचलं. पण वेगवेगळे ट्रॅक त्या ॲपच्या पोटात, त्याच्या स्वतःच्या प्रकारात. बुवा काही महिन्यांनी म्हणाले, "अहो, पखवाज जरा मागे घेऊन द्या ना." कुठून देणार?

संगणकावर जुनं सॉफ्टवेअर जुन्या मशिनवर वर्षानुवर्षं चालवता येतं. आमच्या ओळखीत अजून विंडोज एक्सपीवर काम करणारे महाभाग आहेत. टॅबवर ती मुभा फार कमी. एकदा वरची आवृत्ती चढली की मागे फिरायचा रस्ता काही दिवसांतच बंद होतो. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की त्याच बैठकीत प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या लांबीची वेव्ह फाइल करून बाहेरच्या एसएसडीवर उतरवा. जागेची काळजी करू नका. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेतो. पाच मिनिटांचं २४ ट्रॅकचं गाणं एक जीबीच्या आसपास बसतं. आणि अपडेट आपोआप होण्याची सोय कामाच्या टॅबवर बंद ठेवा, भाचे घरात असोत वा नसोत.

आता टॅबचं कौतुकही केलं पाहिजे, नाहीतर हा संगणकवाला आहे म्हणून सोडून द्याल. गावच्या देवळात सप्ताहाचं भजन रेकॉर्ड करायचं असेल तर आज मी लॅपटॉपपेक्षा टॅब आधी उचलतो. त्याला पंखा नाही. सभामंडपात बुवांनी आलाप सुरू केला की लॅपटॉपचा पंखा माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतो. टॅब मुका असतो. वीज गेली तरी टॅबची बॅटरी बराच वेळ काढते, आणि आपल्याकडे वीज जाणं हा अपवाद नव्हे. शिवाय मिक्स करताना आवाजाचा चढउतार बोटाने काढणं माउसपेक्षा कितीतरी सुखाचं. कडव्याच्या शेवटी टाळ हळूहळू मागे न्यायचे तर फेडर बोटाखाली धरून गाण्याबरोबर सरकवायचा.

पण त्याच देवळात अडचणीही भेटतात. यूएसबी-सीचं भोक एकच. त्यात माइक जोडायचा इंटरफेस लावला तर चार्जर कुठे? म्हणून हब येतो. कंडेन्सर माइकना ४८ व्होल्ट देणारा इंटरफेस टॅबच्याच बॅटरीवर जगतो आणि ती झपाट्याने उतरते. एकदा स्वस्तातल्या हबला चार्जर लावल्याबरोबर सगळ्या ट्रॅकवर बारीक गुणगुण सुरू झाली. आम्ही माइक बदलले, केबली बदलल्या, देवळातली ट्यूबलाइटसुद्धा बंद केली. चार्जर काढला आणि गुणगुण गेली. तेव्हापासून इंटरफेसला स्वतंत्र पॉवर बँक असते, आणि टॅबचं चार्जिंग फक्त मध्यंतरात. इंटरफेस घेताना तो 'क्लास कंप्लायंट' आहे का, ते विचाराच. संगणकावर ड्रायव्हर टाकून चालणारी सगळीच यंत्रं टॅबवर चालत नाहीत.

उन्हाचंही बघा. आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते. चैत्रात आपल्याकडे मांडवात किती असतं ते मी सांगायला नको. तापला की पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, आणि शेवटी गार होऊ द्या असा निरोप दाखवून तो हात वर करतो. ओला रुमाल वगैरे उपाय करू नका. सावली आणि टेबलफॅन, पण फॅन माइकपासून लांब.

मुलं ब्लूटूथच्या हेडफोनवर वाजवायला बसतात, तेही थांबवा. ब्लूटूथमध्ये आवाज कानाला पोचायला दीडदोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौगुनीचा एक बोल १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे ढोलकीवाला लग्गी लावतो आणि त्याच्या कानात पोचतो तो आधीचा बोल. मग 'टॅब लयीला कच्चा आहे' अशी तक्रार माझ्याकडे येते. वायरचा हेडफोन इंटरफेसला लावला, बफर १२८वर ठेवला, की येण्याजाण्याचा उशीर दहा मिलिसेकंदांच्या आतबाहेर राहतो आणि हाताला जाणवत नाही. नव्या आयपॅडला हेडफोनचं भोकच नाही. ते असलेला शेवटचा म्हणजे २०२१चा नववा साधा आयपॅड. त्यामुळे इंटरफेसचा खर्च टॅबच्या किमतीत धरूनच चाला.

अँड्रॉइडवाल्यांनी रुसू नये. क्युबेसिस ३ आणि एफएल स्टुडिओ मोबाइल तिकडेही आहेत आणि शिकायला उत्तम आहेत. आवाजाच्या उशिराचं अँड्रॉइडचं जुनं दुखणं २०१७च्या ८.० आवृत्तीपासून बरंच कमी झालं, पण टॅबागणिक अनुभव बदलतो. विंडोजवर चालणारा सरफेससारखा टॅब घेतलात तर प्रश्नच मिटतो असं म्हणणारे आहेत. ते एका अर्थी बरोबरही आहे: सरफेस प्रोवर २०१३पासून पूर्ण विंडोज आहे आणि त्यावर रीपर, क्युबेस, एफएल स्टुडिओ जसंच्या तसं चालतं. मात्र त्यातली बटणं माउसच्या टोकासाठी आखलेली. बोटाने एक दाबायला जावं तर दोन दाबली जातात. बिटविगने बोटांसाठी वेगळी मांडणी केली, बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी सगळे कीबोर्ड-माउस जोडतात, म्हणजे लॅपटॉपच झाला की.

मोठ्या कंपन्या पूर्ण सॉफ्टवेअर टॅबवर का आणत नाहीत, याचं उत्तर बरंचसं पैशांत आहे. टॅबच्या ॲपसाठी लोक हजार रुपयेसुद्धा कुरकुरत देतात. त्यातून ॲप स्टोअरचा वाटा १५ ते ३० टक्के. संगणकावर जुन्या ग्राहकाला सवलतीत नवी आवृत्ती विकायची जी रीत आहे, तिला तिथे नीट जागा नाही. म्हणून भाडं आलं. मॅकवरचं लॉजिक २०१३त २०० डॉलरला एकदा घेतलं ते अजून फुकट अपडेट मिळवतंय. आयपॅडवर तेच आलं तेव्हा महिन्याला पाच किंवा वर्षाला ४९ डॉलर भाड्याने आलं. चार वर्षांत बरोबरी. भाडं थांबलं की काम थांबलं, हे मुलाच्या वडिलांना आधीच सांगून ठेवा.

म्हणून मला विचाराल तर, घरात आधीच मॅक असेल आणि बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करायचं असेल तर आयपॅड घ्या, एम चिपचा घ्या, पैसे उरले तर ते पेन्सिलपेक्षा जादा स्टोरेजवर घाला. नुसती हौस आणि सुरुवात असेल तर घरात जो टॅब आहे त्यावर गॅरेजबँड नाहीतर क्युबेसिसवर वर्षभर काम करा. नवीन काही घेऊ नका. आणि जाहिरातींचं, सिरियलचं, सिनेमाचं काम पोट भरण्यासाठी करायचं असेल तर एकच यंत्र परवडतंय तोवर ते यंत्र संगणकच असू द्या. समोरचा स्टुडिओ तुमच्याकडे प्रो टूल्सचं सेशन मागेल, आणि ते टॅबवर नाही.

घ्यायचंच ठरलं तर आपला इंटरफेस, केबल, वायरचा हेडफोन आणि स्वतःच्या एका गाण्याचे सगळे ट्रॅक पिशवीत घालून दुकानात जा. तिथल्या टॅबला जोडा, गाणं पूर्ण वाजवा, वर एक ट्रॅक रेकॉर्ड करून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.