धुण्याचं पाणी तापवायला किती पैसे जातात?

वॉशिंग मशीनचा ड्रम फिरवायला फारशी वीज लागत नाही. खरी वीज खातो तो आतला हीटर. म्हणून आधी तुमच्या मशीनला हीटर आहे का ते पाहा. फ्रंट लोडला तो बहुतेक असतोच. टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकला सहसा नसतो, पण तिथे गिझरचं पाणी बादलीने ओतायची सवय अनेक घरांत असते आणि तो खर्च कुणी धुण्याच्या नावावर मांडत नाही.

हिशेब सोपा आहे. एका धुण्याला ड्रममध्ये १५ लिटर पाणी तापतं असं धरा. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल तर ते ४० अंशांवर न्यायला पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, ६० अंशांवर न्यायला ०.६ युनिट. ड्रम आणि कपडे तापतात त्याची वीज वेगळी. युनिटला १० रुपये धरले तर ४० अंशांना अडीच रुपयांच्या वर, ६० अंशांना सहा रुपये. महिन्याला वीस धुणी निघणाऱ्या घरात ६० अंशांवरून थंड पाण्यावर आलात की वर्षाला साडेचौदाशे रुपये वाचतात, ४० वरून आलात तर सव्वासहाशे. गिझरची २० लिटरची बादली २५ वरून ५० अंशांवर आणायलाही जवळजवळ सहा रुपयेच पडतात.

तुमचा खरा दर मात्र बिलावरून काढा. महावितरणच्या बिलात वीज आकार आणि वहन आकार यांचे युनिटमागचे दर असतात. त्यांची बेरीज करा, इंधन समायोजन आकार असेल तर तो मिळवा आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरा. स्थिर आकार यात घेऊ नका, तो कमी होत नाही. दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. महिन्याला ३१० युनिट वापरणाऱ्या घराने हे नक्की लक्षात घ्यावं.

आता बटण. ‘कॉटन’ निवडलं की बऱ्याच मशीनवर ४० किंवा ६० आकडा आपोआप येतो. दर वेळी तापमानाचं बटण दाबून तो ‘कोल्ड’ किंवा २० वर आणावा लागतो. घरात मशीन लावणाऱ्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवा, धुण्याला येणाऱ्या मावशींनासुद्धा. ३० अंशांनाही आपल्याकडे फारसं बिघडत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून गरम असतं, तेव्हा हीटर लागतच नाही. डिसेंबरात नाशिककडे पहाटेचं पाणी बोचरं असतं, तेव्हा मशीन दुपारी लावा. टाकीवर ऊन पडलेलं असतं. बिलावर टीओडी, म्हणजे वापराच्या वेळेनुसार मिळणाऱ्या सवलतीचा रकाना असेल तर दिवसा धुण्याचा फायदा दुहेरी आहे.

थंड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि गडद कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात. ती मगभर कोमट पाण्यात आधी कालवा किंवा लिक्विड वापरा. रक्त, दूध, अंडं यांचे डाग थंड पाण्यातच आधी भिजवावेत, गरम पाण्याने ते पक्के बसतात. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात वाळत घाला, रंग बराचसा उडतो. तेला-तुपाच्या डागाला मात्र थंड पाणी पुरत नाही. तेवढ्या भागावर लिक्विड चोळून ठेवा आणि गरज पडली तरच ४० अंश लावा.

काही कपड्यांवर काटकसर करूच नये. आजारी माणसाचे कपडे, बाळाचे लंगोट, धुळीची ॲलर्जी असलेल्याच्या चादरी आणि अभ्रे ६० अंशांवरच धुवावेत. सतत थंड पाण्यात चालणाऱ्या मशीनमध्ये साबणाचा थर साचून कुबट वास येतो, म्हणून महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर किंवा ‘टब क्लीन’वर चालवा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना थंड धुण्याचा आणखी एक लाभ आहे: क्षार पाणी तापताना हीटरवर बसतात, आणि हीटर कमी चालला की तो लवकर बदलावा लागत नाही.