पाण्यातलं औषध पावसात टिकतं कसं?

प्रश्न : आमचं घर गोराई गावात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. अंगणाचं लाकडी फाटक नवं करायचं आहे. सुतार म्हणतो, वाळवीचं औषध पाण्यात कालवून लाकडाला पाजू. जे पाण्यात विरघळतं ते पहिल्याच पावसात वाहून जाणार नाही का?
– एक वाचक, गोराई

उत्तर : जाईलही आणि राहीलही. औषध कोणतं, ते सुताराला आधी विचारा.

बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं मिश्रण असेल तर तुमची शंका खरी. वाळवी, भुंगा, बुरशी या तिघांवरही ते चालतं आणि ओल्या लाकडात आपसूक खोल शिरतं. पण ओल आली की शिरलं त्याच वाटेने बाहेरही पडतं. घरातल्या वाशांना, कपाटांना ते उत्तम. चार महिने पावसात उभ्या राहणाऱ्या फाटकाला नुसतं बोरॅक्स लावणं म्हणजे मीठ लावून ते पावसात ठेवणं.

हे कोडं सोडवलं आपल्याच देशात. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या सोंटी कामेसन यांनी 1933 च्या सुमारास तांबं आणि आर्सेनिक यांच्या क्षारांत डायक्रोमेट मिसळलं. खुबी त्या डायक्रोमेटमध्ये आहे. द्रावण लाकडात मुरलं की लाकडातलेच घटक क्रोमियमचं रूप पालटतात आणि त्याच्यासोबत तांबं-आर्सेनिक न विरघळणारं होऊन आत अडकून बसतं. म्हणजे पाणी फक्त आत नेऊन सोडतं, परत आणत नाही. आर्सेनिक आणि तांबं यांच्या रासायनिक खुणा जोडून त्याचं नाव पडलं ‘अॅस्कू’. पुढे जगभर तारांचे खांब यावरच उभे राहिले.

पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. घरगुती वापराच्या लाकडासाठी अमेरिकेतल्या उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस ते सोडलं. मुलं ज्या फाटकावर लोंबकळतात त्याला ते नकोच. आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली औषधं मिळतात, ती बघा. लाकूड किंचित हिरवट दिसेल, त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट, सुतार रागावला तरी चालेल. ब्रशने मारलेलं औषध जेमतेम कातडीपुरतं जातं. बंद टाकीत आधी हवा ओढून, मग दाबाने भरलेलं लाकूडच खरं टिकतं, म्हणून शक्यतो तसं तयार लाकूड घ्या. कापलेल्या टोकांना मात्र पुन्हा औषध लावावंच लागतं, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. खांब कुजतो तोही जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. तेव्हा तो मातीत न पुरता सिमेंटच्या उंचवट्यावर लोखंडी पट्टीने बसवा. घरी औषध मारलंच, तर हातमोजे घाला, काम पावसाळ्याआधी उरका आणि दोन-तीन आठवडे लाकूड आडोशाला ठेवा. औषध धरायला तेवढा वेळ लागतो.

उरलेले तुकडे बंबात घालू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी. आणि उरलं औषध म्हणून वलांडीच्या बांबूंना तर मुळीच लावू नका. त्यांच्यावर बोंबील वाळतात.